डेबिट कार्डावर कापलेले ४८० रुपये परत मिळाले

नाशिकच्या मेन रोडवरील एका दुकानात २४,००० रुपयांचा फ्रीज घेताना माझ्या रुपे डेबिट कार्डावर ‘मशीनचे दोन टक्के’ म्हणून ४८० रुपये जादा कापले गेले आणि बिलावर त्यांचा उल्लेखही नव्हता. वास्तविक १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्डासाठी दुकानदारालाही बँकेचे शुल्क पडत नाही. इतर डेबिट कार्डांवर पडले, तरी ते ग्राहकाच्या माथी मारण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. मशीनच्या चिठ्ठीवर, फिकट शाईत का होईना, मशीन देणाऱ्या बँकेचे नाव आणि टर्मिनल क्रमांक होता (ही अक्षरे लवकर उडतात, म्हणून फोटो लगेच काढावा). बिल व चिठ्ठी जोडून त्याच बँकेकडे लेखी तक्रार केली आणि नवव्या दिवशी रक्कम खात्यात जमा झाली.