केंद्रातील शिक्षकांचे ऑनलाइन प्रशिक्षण: व्हिडिओ, बैठक आणि वर्गातील वह्या

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. हे सर्व तास तालुक्याच्या ठिकाणी प्रत्यक्ष प्रशिक्षण घेऊन भरणे, विशेषतः दोनशिक्षकी शाळांना, शक्य नाही. एक शिक्षक प्रशिक्षणाला गेला की दुसऱ्याला चार इयत्ता सांभाळाव्या लागतात. त्यामुळे प्रशिक्षणाचा बराच भाग ऑनलाइन होत राहणार आहे. केंद्रप्रमुख (केंद्र म्हणजे जवळच्या शाळांचा गट), शिक्षकांना विषयासाठी मदत करणारी विषय साधनव्यक्ती किंवा केंद्रातील ज्या शिक्षकाकडे असे प्रशिक्षण देण्याची जबाबदारी येते, त्यांनी त्याची आखणी कशी करावी, हे येथे एका उदाहरणाच्या आधारे मांडले आहे. उदाहरण तिसरीच्या वर्गातील हातच्याच्या वजाबाकीचे आहे.

प्रथम प्रशिक्षणाचा प्रश्न नेमका ठरवावा. ‘गणित अध्यापनातील नवे प्रवाह’ हा ऑनलाइन प्रशिक्षणाचा विषय होऊ शकत नाही, कारण त्यावर दोन तास बोलता येते पण दुसऱ्या दिवशी वर्गात करण्यासारखे काही हाती लागत नाही. त्याऐवजी ५२ मधून २७ वजा करताना अनेक मुले ३५ असे उत्तर का लिहितात, हा प्रश्न घ्यावा. दोनमधून सात जात नाहीत म्हणून मूल सातातून दोन वजा करते आणि पाच लिहिते, मग पाचातून दोन वजा करून तीन लिहिते. चूक निष्काळजीपणाची नसून त्यामागे मुलाने स्वतः बसवलेला एक नियम आहे. शिक्षकाने तो नियम ओळखावा आणि काड्यांच्या गठ्ठ्यांतून दशक सुटा करून दाखवावा, एवढेच या प्रशिक्षणाचे उद्दिष्ट ठेवावे.

उद्दिष्ट ठरल्यावर कामाचे तीन भाग पडतात: शिक्षकाने आपल्या सोयीने पाहायचा किंवा ऐकायचा भाग, सर्वांनी एकत्र येऊन बोलायचा भाग आणि वर्गात करून पाहायचा भाग. अनेक ऑनलाइन प्रशिक्षणांत पहिला भाग दुसऱ्याच्या जागी बसवला जातो, म्हणजे सर्वांना एका वेळी लिंकवर बोलावून तासभर स्लाइड वाचून दाखवल्या जातात, आणि तिसरा भाग सोडूनच दिला जातो. मग काहीजण लिंक चालू ठेवून इतर कामे उरकतात, याबद्दल त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

पाहण्याचा भाग तयार करण्याआधी शालेय साहित्याच्या ‘दीक्षा’ या सरकारी अॅपवर त्या घटकाचे साहित्य शोधावे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या या मंचावर बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडद्वारे थेट पोहोचता येते आणि साहित्य एकदा उतरवून घेतले की नेटशिवाय पाहता येते. तयार साहित्य उपयोगाचे असेल तर तेच वापरावे. आपल्याला हवी असलेली चूक आणि तिची उकल त्यात नसेल, तरच स्वतःचा व्हिडिओ करावा.

व्हिडिओची सुरुवात संहितेपासून करावी. सावकाश, स्पष्ट मराठीत मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्द बोलले जातात. म्हणून सहा मिनिटांच्या व्हिडिओसाठी ६०० ते ७०० शब्दांपेक्षा मोठी संहिता लिहू नये. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात हीच शिस्त पाळली जाते: आधी संहिता लिहिली जाते, ती तपासली जाते, विषय ठाऊक नसलेल्या व्यक्तीकडून ती पडताळून घेतली जाते आणि त्यानंतरच सुमारे दहा मिनिटांचे ध्वनिचित्रमुद्रण होते. आपल्या संहितेसाठीही असा एक वाचक शोधावा. गणित न शिकवणाऱ्या सहकाऱ्याने ती वाचून काड्या हातात घेऊन कृती करून पाहावी. तो जेथे अडखळेल, तेथे एक वाक्य कमी पडलेले असते.

चित्रीकरणासाठी स्टुडिओ लागत नाही. बाकावर पांढरा कागद पसरावा, पुस्तकांच्या दोन सारख्या चळती करून त्यांवर लाकडी पट्टी आडवी ठेवावी आणि फोन तिच्यावर असा बांधावा की कॅमेरा सरळ खाली पाहील. शिक्षकाचा चेहरा दिसण्यापेक्षा हात आणि काड्या दिसणे महत्त्वाचे आहे. उजेड खिडकीतून बाजूने यावा, अन्यथा फोनची सावली कागदावर पडते. पंखा बंद ठेवावा, फोन विमान मोडवर टाकावा आणि आवाजासाठी वायरच्या इअरफोनचा माइक सदऱ्याला छातीजवळ लावावा. थोडे अस्पष्ट चित्र प्रेक्षक चालवून घेतो, पण घुमणारा आवाज असला की तो व्हिडिओ बंद करतो. म्हणून दोन मिनिटांची चाचणी घेऊन ती इअरफोनशिवाय, साध्या फोनवर ऐकून पाहावी. दहाचा गठ्ठा सोडण्याची कृती न बोलता, सलग आणि सावकाश दाखवावी. प्रशिक्षणाचा गाभा तोच आहे आणि बोलण्याच्या भरात नेमका तोच उरकला जातो.

यानंतर फाइलचा आकार पाहावा. ३६० पिक्सेल उंचीचा, सेकंदाला ५०० किलोबिट दराचा सहा मिनिटांचा व्हिडिओ सुमारे २२ एमबी भरतो. तेवढ्याच वेळाचा, ३२ किलोबिट दराचा फक्त आवाज दीड एमबीच्या आत बसतो. याउलट ४० मिनिटांच्या थेट बैठकीत सेकंदाला एक मेगाबिट दराने चित्र चालू राहिले, तर ३०० एमबी खर्च होतात. केंद्रातील सर्वांत कमी रेंज असलेल्या वाडीवरच्या शिक्षकासाठी हा फरक प्रशिक्षण मिळण्या-न मिळण्याचा असतो. म्हणून प्रत्येक घटकाचा व्हिडिओ, त्याचीच ध्वनिफीत आणि एक पानाची छापता येण्याजोगी पीडीएफ, अशा तीन गोष्टी एकत्र पाठवाव्यात. ही पद्धत तशी जुनीच आहे. १९७५-७६ च्या ‘साइट’ प्रयोगात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांपर्यंत दूरचित्रवाणी पोहोचवण्यात आली, तेव्हा त्यातील शिक्षक-प्रशिक्षणातही दूरचित्रवाणीच्या जोडीला रेडिओ, छापील साहित्य आणि प्रत्यक्ष कृती ठेवलेल्या होत्या.

पीडीएफबाबत एक सूचना आवश्यक आहे. आपल्याकडे अजूनही पुष्कळ साहित्य कृतीदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले असते. तशी वर्डची फाइल दुसऱ्याच्या फोनवर उघडली की मराठीऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. पीडीएफ नीट दिसली तरी तिच्यातील मजकूर शोधता किंवा उतरवून घेता येत नाही. सर्व मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही यंत्रावर मराठीच दिसेल अशा पद्धतीने टंकावा. त्यासाठीचा इनस्क्रिप्ट हा मराठी कळफलक येत नसेल तर फोनवर मराठीत बोलून टंकलेखन करावे आणि मग शुद्धलेखन डोळ्यांनी तपासावे. ‘दशक’ आणि ‘शतक’ यांची अदलाबदल यंत्र निर्विकारपणे करते.

साहित्य बैठकीच्या किमान चार दिवस आधी पाठवावे आणि सोबत एक छोटे काम द्यावे: आपल्या वर्गातील मुलांना ५२ वजा २७, ४० वजा १३ आणि ६१ वजा ३८ ही तीन उदाहरणे सोडवायला द्यावीत आणि चुकलेल्या उत्तरांची छायाचित्रे गूगल फॉर्मद्वारे पाठवावीत. फॉर्ममध्ये फाइल जोडण्यासाठी गूगल खात्याने प्रवेश करावा लागतो, ही अडचण काहींना येते. त्यांच्यासाठी व्हॉट्सअॅपचा मार्ग खुला ठेवावा. छायाचित्रात मुलाचा चेहरा किंवा नाव येऊ देऊ नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे, आणि आपल्या कामाला तर फक्त वहीतील गणित हवे आहे.

आता थेट बैठक. ती ४० मिनिटांपेक्षा लांबवू नये. मोफत खात्यावर झूमची बैठक ४० मिनिटांनी आणि गूगल मीटवरील तीन किंवा अधिक जणांची बैठक ६० मिनिटांनी संपते. ही मर्यादा गैरसोयीची वाटली तरी व्याख्यानप्रिय संयोजकांपासून शिक्षकांचे रक्षण करते. बैठकीत व्हिडिओ पुन्हा दाखवू नये. शिक्षकांनी पाठवलेल्या चुकांपैकी चार निवडून एकेक पडद्यावर ठेवावी आणि ‘मुलाने कोणता विचार करून हे उत्तर काढले असेल?’ एवढेच विचारावे. ४० वजा १३ चे उत्तर ३३ आले असेल, तर मुलाने शून्यातून तीन जात नाहीत म्हणून तीनच उतरवले आहेत, हे कोणीतरी ओळखते. ३७ आले असेल, तर दशक सुटा केला पण दशकाच्या घरातून एक कमी करायचे राहिले. ही चर्चा शिक्षकांनी आपसांत करावी यासाठी चार-पाच जणांचे गट पाडावेत. गटांची सोय नसेल तर प्रत्येक प्रश्नानंतर एक मिनिट शांत राहून सर्वांना चॅटमध्ये लिहू द्यावे. ऑनलाइन बैठकीतील ते एक मिनिट संयोजकाला फार लांब वाटते. तरीही मध्येच बोलू नये.

एका व्यक्तीने बैठक चालवावी आणि दुसऱ्या व्यक्तीने केवळ चॅट, आवाज आणि आत येऊ न शकलेल्यांचे फोन सांभाळावेत. कॅमेरा सुरू ठेवण्याची सक्ती करू नये. घरात एकच फोन, एकच खोली आणि दुपारची झोपलेली मुले, ही अनेकांची वस्तुस्थिती असते. शिवाय कॅमेरे बंद असले की आवाज तुटत नाही. वेळ शाळा सुटल्यानंतर लगेचची नसावी, कारण तेव्हा बरेच शिक्षक प्रवासात असतात. हजेरीसाठी स्क्रीनशॉट घेण्यापेक्षा चॅटमधील उत्तर हीच उपस्थिती मानावी.

तिसरा भाग बैठकीनंतरच्या दोन आठवड्यांत होतो. प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गात काड्यांच्या गठ्ठ्यांची कृती घ्यावी, नंतर तीच तीन उदाहरणे अंक बदलून द्यावीत आणि आधीच्या व नंतरच्या वह्या शेजारी ठेवून पाहाव्यात. जवळच्या शाळांतील तीन-चार शिक्षकांचा एक गट करून त्यांनी एकमेकांना दोन मिनिटांचे ध्वनिसंदेश पाठवावेत: काय केले, कोठे अडले, कोणत्या मुलाला अजून जमत नाही. लिहून अहवाल मागितला की तो अहवालासारखाच येतो. बोलताना शिक्षक खरी अडचण सांगतो. संयोजकाने हे संदेश ऐकून प्रत्येक गटाला किमान एकदा उत्तर द्यावे. कामाचा हा भाग सर्वांत कंटाळवाणा असतो, परंतु तो वगळला की पुढच्या वेळी संदेश येणे थांबते.

हीच रचना मुलांसाठी जशीच्या तशी वापरू नये. केंद्र सरकारच्या जुलै २०२० च्या, ऑनलाइन शिक्षणासाठीच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांनी पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन थेट सत्रे आणि पूर्वप्राथमिकसाठी ३० मिनिटांपर्यंतचाच वेळ सुचवला होता. पावसाळ्यात शाळा बंद राहिल्यास तिसरीच्या मुलांना थेट तासाऐवजी दीड एमबीची ध्वनिफीत आणि घरातल्या काड्यांची कृती पाठवावी.

शेवटी साहित्य जपण्याची व्यवस्था करावी. सर्व फाइलींना इयत्ता, विषय आणि घटक दिसेल अशी नावे द्यावीत, उदाहरणार्थ ‘३_गणित_वजाबाकी_हातचा’, आणि एक संच गूगल ड्राइव्हवर केंद्राच्या खात्यात, तर दुसरा पेनड्राइव्हवर केंद्रशाळेत ठेवावा. व्यक्तीच्या खासगी खात्यावर ठेवलेले साहित्य बदलीबरोबर दुसऱ्या तालुक्यात जाते. खात्याचा पासवर्ड किमान दोघांकडे असावा आणि पुढील घटकाची संहिता लिहिण्याचे काम, ज्या शिक्षकाच्या वर्गातील चुकांवर बैठकीत सर्वाधिक चर्चा झाली, त्याच्याकडे द्यावे.