वेब डेव्हलपरने शिकत राहण्याची सवय कशी लावावी

वेबवर काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी असे वाटते की, या क्षेत्रात शिकलेले काहीच टिकत नाही. वेबची पाने बनवायला मदत करणाऱ्या तयार साधनांचेच पाहा : २००६ मध्ये जेक्वेरी आली, २०१० मध्ये अँग्युलरजेएस, २०१३ मध्ये रिअ‍ॅक्ट, २०१४ मध्ये व्ह्यू. आणि त्यांपैकी अँग्युलरजेएसला मिळणारा अधिकृत आधार २०२१ च्या अखेरीस बंदही झाला. ज्या साधनावर काही वर्षे खर्ची घातली तेच मागे पडले की नवे काही मन लावून शिकण्याची उमेद कमी होते, आणि मग शिकणे म्हणजे सतत येणाऱ्या नव्या नावांचा पाठलाग करणे, असा समज पक्का होतो. हा समज सोडल्याशिवाय शिकण्याची कोणतीही सवय टिकत नाही, असे माझे मत आहे. म्हणून पद्धतीकडे वळण्याआधी त्याच्याकडेच नीट पाहिले पाहिजे.

टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत तयार केलेल्या पहिल्या संकेतस्थळाची पाने आजच्या ब्राउझरमध्येही उघडतात. जावास्क्रिप्ट १९९५ ची आहे, पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएसची पहिली अधिकृत शिफारस १९९६ ची आहे, आणि या दोन्ही भाषा जुने न मोडता नव्याची भर घालत वाढत आल्या आहेत. जुने न मोडण्याचा हा आग्रह इतका कडक आहे की, जावास्क्रिप्टला ‘टाइपऑफ नल’ (नल, म्हणजे रिक्त किंमत, कोणत्या प्रकारची आहे) असे विचारले तर आजही ‘ऑब्जेक्ट’ असे चुकीचे उत्तर मिळते, कारण सुरुवातीच्या काळातली ही चूक दुरुस्त केली तर तिच्यावर विसंबून असलेली जुनी पाने बिघडतील. म्हणजे वरच्या थरातील फ्रेमवर्क, म्हणजे रिअ‍ॅक्टसारखे तयार सांगाडे, भराभर बदलतात. त्यांच्याखालचा ब्राउझर, भाषा आणि एचटीटीपी (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या संवादाचे नियम) यांचा थर मात्र हळू बदलतो आणि त्याचे ज्ञान वर्षानुवर्षे उपयोगी पडते. शिकण्याची सवय लावायची ती या खालच्या थरासाठी, आणि ती रोजच्या कामातूनच लावायची, एवढेच मला या लेखात सविस्तर सांगायचे आहे.

काय शिकायचे हे कसे ठरवावे

समोर एखादा विषय आला की स्वतःला विचारावे : उद्या हे फ्रेमवर्क बदलले तर यातले काय उरेल? उदाहरणार्थ, रिअ‍ॅक्टमध्ये टायमरच्या आत जुनीच संख्या दिसत राहण्याची अडचण अनेकांना येते. त्यावरचा तयार उपाय पाठ करून काम भागते. परंतु मुळात तो क्लोजरचा प्रश्न आहे. फंक्शन जिथे तयार झाले तिथली व्हेरिएबल्स ते धरून ठेवते, आणि कंपोनंट (पानाचा एक घटक) पुन्हा रेंडर झाला, म्हणजे नव्याने काढला गेला, तरी आधीच्या रेंडरमध्ये तयार झालेल्या फंक्शनला त्या वेळचीच किंमत दिसते. हे एकदा समजले की अशी अडचण दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये किंवा फ्रेमवर्कशिवाय लिहिलेल्या कोडमध्ये आली तरी ती ओळखता येते. फ्रेमवर्क हातातल्या कामापुरते नीट शिकावे, त्याचे डॉक्युमेंटेशन जरूर वाचावे. पण राखून ठेवलेला वेळ क्लोजर, इव्हेंट लूप (कामे कोणत्या क्रमाने चालतील हे ठरवणारी यंत्रणा), सीएसएसमधील मांडणीचे नियम, एचटीटीपीचे हेडर (मागणी आणि उत्तर यांसोबत जाणाऱ्या सूचना) आणि डेटाबेसमधील इंडेक्स (नोंदी लवकर शोधण्यासाठीची सूची) यांना द्यावा. नवे साधन प्रत्यक्ष प्रकल्पात लागेपर्यंत त्याच्याबद्दल काहीही न वाचल्याने नुकसान होत नाही.

बगमधून शिकण्याची पद्धत

शिकण्यासाठी दिवसातून वेगळा तास काढावा, असा सल्ला नेहमी दिला जातो. ज्यांना तो तास मिळतो त्यांनी अवश्य घ्यावा. मात्र कामाच्या ओघात समोर येणारे बग हे शिकण्याचे अधिक भरवशाचे साधन आहे, कारण तिथे प्रश्न खरा असतो, उत्तर तपासून पाहता येते आणि ते शोधण्याची निकडही असते. त्यासाठी बग सोडवण्याच्या पद्धतीत थोडा बदल करावा लागतो, आणि तो एका उदाहरणाने नीट समजेल.

नवा कोड डिप्लॉय झाला आहे (सर्व्हरवर चढला आहे), तुम्हाला पानावर बदल दिसतो आहे, पण काही वापरकर्त्यांना जुनेच पान दिसते अशी तक्रार येते. अशा वेळी वापरकर्त्याला हार्ड रिलोड करायला (साठवलेली प्रत न वापरता पान पुन्हा उघडायला) सांगून टिकेट, म्हणजे तक्रारीची नोंद, बंद करण्याचा मोह होतो. तसे न करता, काहीही उघडण्याआधी आपला अंदाज एका वाक्यात लिहावा : ‘जावास्क्रिप्टची जुनी फाइल ब्राउझरच्या कॅशेमधून येत असावी.’ (कॅशे म्हणजे ब्राउझरने आधीच साठवून ठेवलेल्या प्रती.) हे वाक्य लिहिणे महत्त्वाचे आहे, कारण न लिहिलेला अंदाज उत्तर कळल्यावर नकळत बदलतो आणि आपल्याला हे आधीपासून माहीत होते असे वाटू लागते.

त्यानंतर डेव्हटूल्समधील, म्हणजे ब्राउझरमधल्या तपासणीच्या साधनांतला, नेटवर्क टॅब उघडावा. तिथे कॅशे बंद ठेवण्याचा जो पर्याय असतो, त्याचा परिणाम डेव्हटूल्स उघडे असेपर्यंतच टिकतो. अनेक डेव्हलपर तो कायम लावून ठेवतात आणि त्यामुळेच वापरकर्त्याला दिसणारी अडचण त्यांना कधी दिसत नाही. तो पर्याय काढून पान पुन्हा उघडावे आणि ती फाइल कुठून आली हे पाहावे : ती डिस्कवरच्या कॅशेमधून आली, सर्व्हरने ३०४ (फाइल बदललेली नाही) असे उत्तर दिले, की २०० या उत्तरासह पूर्ण फाइल आली? मग त्या उत्तरातील कॅशे-कंट्रोल हा हेडर वाचावा. त्यात मॅक्स-एज दिलेले असेल तर तेवढे सेकंद ब्राउझर सर्व्हरला न विचारता आपली प्रत वापरू शकतो. नो-कॅशे असेल तर ब्राउझर प्रत ठेवू शकतो, परंतु प्रत्येक वापराआधी त्याला सर्व्हरकडून खात्री करून घ्यावी लागते; प्रत मुळीच ठेवू नये असे सांगायचे असेल तर नो-स्टोअर लिहावे लागते. खात्री करून घेण्याचे काम बहुधा ईटॅगच्या आधारे होते : सर्व्हरने फाइलच्या त्या आवृत्तीला दिलेली खूण ब्राउझर पुढच्या वेळी परत पाठवतो, आणि फाइल बदललेली नसेल तर सर्व्हर फाइल न पाठवता फक्त ३०४ असे कळवतो.

एवढे पाहून झाल्यावर उपाय आपोआप सुचतो. फाइलच्या नावात तिच्या मजकुरावरून काढलेला हॅश, म्हणजे एक छोटी खूण, घालावा, म्हणजे मजकूर बदलला की नावही बदलेल. अशा फाइलींना ३१५३६००० सेकंदांचे, म्हणजे एका वर्षाचे मॅक्स-एज निर्धास्तपणे द्यावे. आणि त्या फाइलींची नावे ज्या एचटीएमएलमध्ये आहेत त्याला नो-कॅशे द्यावे. तयार उत्तर उचलणाऱ्यालाही कदाचित हाच उपाय मिळाला असता, परंतु त्यातील प्रत्येक भाग का आहे हे त्याला सांगता आले नसते, आणि पुढच्या वेळी ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या दरम्यान प्रॉक्सी किंवा सीडीएन असा मधला सर्व्हर आला की त्याला पुन्हा पहिल्यापासून शोध घ्यावा लागला असता.

काम संपल्यावर चार वाक्यांची नोंद करावी : काय दिसत होते, माझा अंदाज काय होता, खरे कारण काय निघाले, आणि ते कशावरून सिद्ध झाले. यापेक्षा लांब नोंद करू नये. लांब नोंदी लिहिण्याचा कंटाळा येतो आणि त्या पुन्हा वाचल्याही जात नाहीत.

वाचण्यापेक्षा आठवून पाहावे

मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर केलेले स्मरणाचे प्रयोग प्रसिद्ध केले, आणि पाठ केलेले सुरुवातीच्या काळात किती वेगाने विसरले जाते हे त्यांतून दिसले. विसरणे टाळण्यासाठी बहुतेक जण तेच पुन्हा वाचतात. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मात्र असे आढळले की, पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते, तर आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा तोच उतारा न पाहता आठवून लिहिणारे विद्यार्थी पुढे गेले. वाचताना ‘हे मला कळले’ असे जे वाटते, त्यावर फार विसंबू नये, असा याचा अर्थ मी घेतो.

म्हणून नोंदीचे शीर्षक नेहमी प्रश्नाच्या रूपात द्यावे. ‘कॅशेविषयी’ असे न लिहिता ‘नो-कॅशे असूनही ब्राउझर प्रत का ठेवतो?’ असे लिहावे, आणि काही दिवसांनी नोंद उघडण्याआधी उत्तर स्वतः लिहून पाहावे. ट्युटोरियल पाहून झाल्यावर ते बंद करून रिकाम्या फाइलमध्ये तेच पुन्हा लिहावे; जिथे हात अडेल तिथेच काय समजले नाही ते कळते. कोड चालवण्याआधी त्याचे उत्तर सांगण्याची सवय तर फारच फळते. शून्य मिलिसेकंदांचा सेटटाइमआउट (टायमर), त्याखाली आधीच पूर्ण झालेल्या प्रॉमिसचा ‘देन’ आणि शेवटी साधा कन्सोल लॉग असे तीन संदेश लिहावेत आणि ते कोणत्या क्रमाने छापले जातील हे कागदावर मांडावे. आधी साधा लॉग, मग प्रॉमिस आणि शेवटी टायमर असा तो क्रम असतो, कारण चालू काम संपल्यावर मायक्रोटास्कची (प्रॉमिससारख्या, आधी उरकायच्या कामांची) रांग पूर्ण रिकामी झाल्याशिवाय पुढचे टास्क घेतले जात नाही. अंदाज चुकला तर ते कारण जितके पक्के लक्षात राहते तितके नुसते वाचून राहत नाही.

कोड लिहून देणाऱ्या एआय साधनांनाही हाच नियम लावावा. आधी आपला प्रयत्न किंवा निदान आपला अंदाज लिहावा, नंतर साधनाला विचारावे आणि दोन्हींतला फरक पाहावा. मिळालेल्या कोडमधील प्रत्येक ओळ कशासाठी आहे हे सांगता येईपर्यंत तो कमिट करू नये, म्हणजे प्रकल्पात नोंदवू नये. वेग कमी होईल, हे खरे आहे. परंतु जो कोड आपण समजावून सांगू शकत नाही तो उद्या दुरुस्त करण्याची जबाबदारी आपल्यावरच येणार असते.

सवय कशाला जोडावी

फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये ९६ स्वयंसेवकांवर केलेल्या अभ्यासात एखादी कृती अंगवळणी पडायला लागणाऱ्या काळाचा मध्यक ६६ दिवसांचा आला, परंतु व्यक्तीनुसार तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा अडथळा येत नाही, असेही त्यात दिसले. तेव्हा सलग किती दिवस झाले हे मोजत बसू नये, आणि चुकलेला दिवस भरून काढण्यासाठी दुप्पट कामही करू नये.

महत्त्वाचे आहे ते सवय एखाद्या ठरलेल्या क्षणाला जोडणे. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की, नुसता निश्चय करण्यापेक्षा ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ असे आधीच ठरवलेले असेल तर ते पार पडण्याची शक्यता वाढते. डेव्हलपरच्या दिवसात असे क्षण भरपूर असतात : बगची ब्रँच मर्ज झाली (दुरुस्ती मुख्य कोडमध्ये गेली) की मी चार वाक्यांची नोंद लिहीन, सकाळी मशीन सुरू केले की चॅट उघडण्याआधी जुन्या एका नोंदीचे उत्तर आठवून लिहीन, बिल्ड (कोडपासून चालणारी आवृत्ती बनवणे) चालू असताना मोबाइल न उघडता एररचा संदेश शेवटपर्यंत वाचीन. यांपैकी एकच निवडावा आणि तो अंगवळणी पडल्यावरच दुसऱ्याकडे वळावे. नोंदींची फाइल एडिटरमध्ये कायम उघडी ठेवावी, कारण ती शोधावी लागली तर दमलेल्या दिवशी ती उघडलीच जात नाही. काम अर्धवट सोडून उठावे लागले तर पुढची पायरी एका ओळीत लिहून ठेवावी. अपुऱ्या कामात मन अडकून राहते आणि पुढच्या कामावरचे लक्ष कमी होते.

लहान काम पूर्ण करावे

महिन्यातून एकदा एखादा लहान घटक फ्रेमवर्कशिवाय शेवटपर्यंत तयार करावा. मोडल डायलॉग, म्हणजे बंद करेपर्यंत बाकीचे पान अडवून धरणारी चौकट, यासाठी उत्तम आहे. तो आधी साध्या डिव्हने बनवावा आणि माऊस बाजूला ठेवून फक्त कीबोर्डने वापरून पाहावा. टॅब दाबल्यावर फोकस डायलॉगच्या मागच्या पानावर जातो, एस्केपने डायलॉग बंद होत नाही, बंद केल्यावर फोकस आधीच्या बटणावर परत येत नाही, अशा उणिवा एकेक करून दिसतील आणि त्या दुरुस्त करताना बराच कोड लिहावा लागेल. मग तेच काम एचटीएमएलच्या डायलॉग या एलिमेंटने आणि त्याच्या शोमोडल या मेथडने करावे; २०२२ पासून सर्व प्रमुख ब्राउझरमध्ये ते चालते. ब्राउझर किती कामे स्वतःहून करतो हे तेव्हा प्रत्यक्ष दिसते, आणि लायब्ररी जोडण्याआधी प्लॅटफॉर्ममध्ये काय उपलब्ध आहे हे तपासण्याची वृत्ती तयार होते.

त्याच वेळी महिन्याभराच्या नोंदी एकत्र वाचाव्यात आणि कोणता विषय पुन्हा पुन्हा आला आहे ते पाहावे. पुढच्या महिन्याचा विषय तोच. कॅशेच्या नोंदी वारंवार दिसत असतील तर एचटीटीपी कॅशिंगचे मानक, म्हणजे जून २०२२ मधील आरएफसी ९१११, वाचायला घ्यावे. ते सलग वाचण्याची गरज नाही. एका बैठकीत एक भाग वाचावा आणि त्यातील प्रत्येक नियम आपल्याच प्रकल्पाच्या नेटवर्क टॅबमध्ये कसा दिसतो ते तपासून मगच पुढे जावे.