कोडमधील ओळीची कमाल लांबी: या चुका टाळा

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत काम करणाऱ्या टीममध्ये ओळीच्या लांबीवर वाद रंगतो तो आकड्यावरून. पेप ८ ही नियमावली ७९ अक्षरांची मर्यादा सुचवते आणि टीमचे एकमत असल्यास ९९ पर्यंत मुभाही देते. त्यामुळे आकडा कोणता यापेक्षा तो सगळीकडे एकच आहे का, हे आधी तपासावे.

सर्वाधिक त्रास येथेच होतो. ब्लॅक हा फॉरमॅटर (कोडची मांडणी आपोआप करणारे साधन) मूळ सेटिंगनुसार ८८ अक्षरांपर्यंत ओळ जाऊ देतो, तर फ्लेक८ हा लिंटर (कोडमधील नियमभंग दाखवणारे साधन) ७९ नंतर ई५०१, म्हणजे ‘ओळ फार लांब’, ही तक्रार नोंदवतो. आपण ओळ हाताने तोडतो, फाइल सेव्ह होताच ब्लॅक ती पुन्हा जोडतो आणि तक्रार परत येते. दोन्हीकडे एकच आकडा लिहावा. मात्र ब्लॅकचे सेटिंग पायप्रोजेक्ट या प्रकल्पाच्या सेटिंग फाइलमध्ये असले, तरी फ्लेक८ स्वतःहून ती फाइल वाचत नाही, त्यामुळे त्याच्या सेटिंग फाइलमध्ये तो आकडा वेगळा द्यावा लागतो. तरीही ई५०१ उरल्यास बहुधा लांब स्ट्रिंग (अवतरणातला मजकूर) किंवा कॉमेंट (कोडमधील टीप) कारणीभूत असते, कारण ब्लॅक ती आपणहून तोडत नाही. स्ट्रिंगचे तुकडे कंसात एकाखाली एक ठेवावेत आणि जोडावरची मोकळी जागा विसरू नये, नाहीतर संदेशातले दोन शब्द चिकटतात. उलटी तिरपी रेघ देऊन ओळ मोडू नये. तिच्यानंतर एक स्पेस राहिली तरी सिंटॅक्स एरर येते.

मराठी संदेश असलेल्या कोडमध्ये आणखी एक गोम आहे. फ्लेक८ युनिकोडची चिन्हे मोजतो; ‘क्षि’ डोळ्यांना एक अक्षर दिसते, पण त्यात क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हे असतात. आखूड दिसणारी ओळ मर्यादा ओलांडते ती यामुळे. अशा वेळी मर्यादा वाढवण्याऐवजी संदेश वेगळ्या फाइलमध्ये न्यावेत.

ओळ बसवण्यासाठी व्हेरिएबलची नावे खुडून ‘टीएमपी२’ असे निरर्थक करणे ही तर निव्वळ फसवणूक आहे. पाच पातळ्या आत शिरलेल्या कोडची २० अक्षरे समासातच जातात. तेथे अटी उलटवून लवकर रिटर्न करावे, म्हणजे फंक्शनमधून आधीच बाहेर पडावे.

जुना कोड नव्या मर्यादेत आणताना तो बदल स्वतंत्र कमिटमध्येच (बदलांच्या इतिहासातील एका नोंदीतच) करावा. गिट या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात २.२३ आवृत्तीपासून अशा कमिटचा क्रमांक एका फाइलमध्ये नोंदवून ब्लेममधून, म्हणजे कोणती ओळ कोणी बदलली हे दाखवणाऱ्या यादीतून, वगळता येतो. पण त्यात दुरुस्त्याही मिसळल्या असतील, तर त्यांचाही माग ब्लेममध्ये लागत नाही.