मगरीसारखी कवटी फॉसिलमध्ये दिसली तर ती केमनची आहे का, कसं ओळखायचं

केमन म्हणजे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, अ‍ॅलिगेटरचा जवळचा नातेवाईक. म्युझियममध्ये किंवा एखाद्या थ्रीडी मॉडेलवर मगरीसारखी कवटी दिसली की सगळे आधी थोबाड बघतात. लांब, चिंचोळं असेल तर घडियाल आणि पसरट असेल तर अ‍ॅलिगेटर, झालं ठरलं. फॉसिलच्या बाबतीत इथेच गंडतं, कारण थोबाडाचा आकार खाण्याच्या सवयीप्रमाणे बदलतो आणि मासे धरायला सोयीचं चिंचोळं थोबाड तर लांबच्या नात्यातल्या प्राण्यांमध्येसुद्धा पुन्हा पुन्हा वेगवेगळं तयार झालंय.

म्हणून आधी कवटी उलटी करून टाळू बघा. नाकातून आलेली हवा मागे घशाकडे जिथे उघडते ते भोक शोधा. ते पार मागे असेल आणि चहूबाजूंनी टेरिगॉइड या टाळूच्या मागच्या भागातल्या हाडानेच वेढलेलं असेल तर प्राणी यूसूकिया गटातला, आजच्या मगरी, घडियाल, अ‍ॅलिगेटर, केमन सगळे यातलेच. भोक पुढे असेल तर जुना फाटा. ज्याला लोक सुपरक्रॉक म्हणतात तो नामशेष झालेला अवाढव्य सार्कोसूकस असाच बाजूच्या फांदीवरचा आहे, आजच्या मगरींचा खापरपणजोबा वगैरे नाही.

आता दात, आणि इथे जरा वेळ घ्या. खालच्या जबड्यातला चौथा दात मोठा असतो. मगरीत तो वरच्या जबड्याच्या कडेला असलेल्या खाचेत बसतो, म्हणून तोंड मिटलं तरी बाहेर दिसतो. अ‍ॅलिगेटर आणि केमनमध्ये तो वरच्या जबड्यातल्या एका खड्ड्यात आत जातो. फॉसिलमध्ये दात बरेचदा गळून गेलेले असतात पण खाच किंवा खड्डा राहतो, म्हणून तोच बघायचा. फक्त प्राणी म्हातारा असेल तर खड्ड्याची बाहेरची भिंत झिजून खाचेसारखी दिसू शकते, तेव्हा एकाच खुणेवर निकाल देऊ नका.

मग कवटीच्या माथ्यावर डोळ्यांच्या मागे दोन भोकं असतात ती बघा. आजच्या केमनमध्ये ती लहान असतात, आणि पॅलिओसूकस या बुटक्या केमनमध्ये तर मोठेपणी हाडाने बुजूनच जातात. पोटाखाली हाडांच्या ताटल्या सापडल्या तर जमेची बाजू, पण चिनी अ‍ॅलिगेटरलाही त्या असतात.

थोबाड का फसवतं ते बघायचं तर दक्षिण अमेरिकेतले मायोसीन काळातले (साधारण 2.3 कोटी ते 50 लाख वर्षांपूर्वीचे) केमन घ्या. पेरूमध्ये सुमारे 1.3 कोटी वर्षांपूर्वीच्या पेबास दलदलीत एकाच ठिकाणी मगरगटाच्या 7 जाती सापडल्यात. त्यातल्या नाटूसूकसचं थोबाड आखूड, गोलसर आणि मागचे दात गोट्यांसारखे, शिंपले फोडायला. मुरासूकसचा जबडा लांब, पसरट, चपटा, बदकाच्या चोचीसारखा. आणि पुरुसॉरस म्हणजे अवाढव्य शिकारी, नाकाचं भोकच भलंमोठं. तिघंही केमनच! पुढे अँडीज उंचावत गेला, दलदल जाऊन अ‍ॅमेझॉन नदी वाहायला लागली, शिंपले कमी झाले आणि शिंपले फोडणारे केमनही गेले. आज केमनच्या साधारण 6 जाती उरल्यात.

दात चपटे आणि कडेला करवतीसारखे असतील आणि कवटी उभट असेल तर केमन विसरा, तो सेबेकससारखा जमिनीवर फिरणारा नातेवाईक असू शकतो.

लांबीचे आकडे वाचताना मात्र सांभाळून. पुरुसॉरसची 12.5 मीटर लांबी 2015 च्या अभ्यासातली आहे, बाकीचे अंदाज त्याहून कमीही आहेत, कारण हाती मुख्यतः कवटी आणि जबडे असतात आणि बाकीचं अंग आजच्या नातेवाइकांच्या मापावरून काढतात. समोर अख्खा सांगाडा उभा असेल तर हाडांचा रंग आणि पोत नीट बघा, गुळगुळीत एकसारख्या रंगाचे भाग बरेचदा नंतर बनवून जोडलेले असतात आणि मोजायचं ते खऱ्या हाडावर.