वेनराइटसारखं डोंगराचं सचित्र गाइड स्वतः कसं बनवायचं

हाताने काढलेले नकाशे, चित्रं, हाताने लिहिलेला मजकूर असं डोंगराचं गाइड करायची ज्यांना हौस आहे त्यांनी आधी आल्फ्रेड वेनराइटचं काम नीट बघावं. हा माणूस पेशाने चित्रकार नव्हताच, इंग्लंडमधल्या केंडल गावच्या नगरपालिकेचा खजिनदार होता, दिवसभर हिशेब आणि संध्याकाळी घरी पेन आणि शाई. नोव्हेंबर १९५२ ला लेक डिस्ट्रिक्ट या तिथल्या डोंगराळ प्रदेशाच्या गाइडचं काम सुरू केलं आणि १९६६ पर्यंत सात पुस्तकं, २१४ डोंगर, सगळं नोकरी सांभाळून.

पहिली गोष्ट, हद्द आखून घ्या. त्याने पूर्ण प्रदेशाचे सात भाग पाडले आणि एकेक भाग संपवत गेला, पहिलं पुस्तक पूर्वेकडच्या डोंगरांचं, ते १९५५ ला आलं. "जमेल तसं करू" म्हटलं की काम अर्धवट राहतं, म्हणून आधी फक्त एक डोंगर घ्या पण त्याच्या सगळ्या वाटा घ्या, कारण गर्दीची एकच वाट तर कोणीही सांगेल.

मग चाला. याला शॉर्टकट नाही. वेनराइट गाडी चालवायचा नाही, वीकेंडला बसने पायथ्याला जायचा आणि दिवसभर चढून-उतरून संध्याकाळची बस पकडायचा. चालताना वाट कुठे फुटते, ओढा कुठे ओलांडायचा, कुंपणाची भिंत कुठे संपते, घसारा कुठे आहे हे तिथेच टिपून ठेवा, घरी येऊन आठवेल यावर अजिबात विसंबू नका. चित्र मात्र डोंगरावर बसून पूर्ण करायची गरज नाही, तोही फोटो काढून आणायचा आणि घरी त्यावरून रेखाटायचा.

आता सगळ्यात भारी भाग, चढाईचं पान. त्याची युक्ती अशी की पानाच्या तळाशी साधा नकाशा असतो, वरून बघितल्यासारखा, आणि तुम्ही नजर वर नेत गेलात की तोच नकाशा हळूहळू समोरून दिसणाऱ्या डोंगराचं चित्र होत जातो, म्हणजे चालणाऱ्याला पुढे जे दिसणार तेच पानावर. हे जमवायला पेन्सिलने आधी पायथा आणि माथा पक्का करा, मधे धार आणि ओढे बसवा, पायवाट तुटक रेषेने काढा आणि शाई सगळ्यात शेवटी. उंची थोडी ताणली तरी चालेल पण वाटेचं वळण चुकवू नका, लोक त्याच्या भरवशावर जाणार आहेत!

प्रत्येक डोंगराला पानांचा क्रमही ठरलेला ठेवा. त्याच्याकडे आधी डोंगराची ठेवण, मग नकाशा, चढायच्या वाटा, माथा, माथ्यावरून काय दिसतं, आणि शेजारच्या डोंगरावर धारेने कसं जायचं. माथ्याच्या पानावर धुक्यात कुठून उतरायचं हे लिहायला विसरू नका, माझ्या मते अख्ख्या गाइडमधली सगळ्यात कामाची ओळ तीच असते.

अक्षराबद्दल थोडं. सुमारे शंभर पानं झाल्यावर ओळींची उजवी कड सरळ येत नाही म्हणून वेनराइटने ती सगळी बाजूला टाकली आणि नव्याने सुरुवात केली, आपण इतकं नाही केलं तरी चालेल, पण छापल्यावर वाचता येईल एवढं मोठं आणि सुटसुटीत अक्षर हवंच.

आणि हो, पानावर तारीख टाका. वाटा बदलतात, कुंपणं नवी येतात, त्याची स्वतःची पुस्तकंसुद्धा २००५ पासून क्रिस जेस्टी या नकाशाकाराने पुन्हा चालून सुधारली. म्हणून मूळ पानांची चांगल्या रिझोल्यूशनची स्कॅन कॉपी ठेवा आणि दुरुस्त्या त्या कॉपीवरच करत जा.