शिमला-मनालीची बसटूर : मुंबईत असतानाच होणाऱ्या चुका

मुंबई ते सातारा साधारण २५० किलोमीटर. पहाटे दादरहून निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला साताऱ्यात असतो. शिमला ते मनाली अंतरही जवळपास तेवढंच, पण तिथे बसला आठ ते दहा तास लागतात. टूरचा कागद हातात आला की आपण रात्री मोजतो, हॉटेलचे फोटो पाहतो, नाश्ता धरलाय की नाही ते विचारतो. कोणत्या दिवशी किती तास बसमध्ये बसायचंय, हे मात्र विचारायचं राहतं. डोंगरातल्या बसटूरची चव बिघडते ती बहुतेक वेळा इथे.

पाच रात्री, सहा दिवस म्हणजे नक्की किती?

कागदावर सहा दिवस दिसतात. पहिल्या दिवशी मुंबई-चंदीगड विमान, सुमारे अडीच तासांचं. पुढे चंदीगड ते शिमला ११५ किलोमीटर, म्हणजे चार तास. शिवाय ग्रुपमधले सगळे एकाच विमानाने येत नाहीत. शेवटचं विमान उतरेपर्यंत बस हलत नाही, म्हणून सकाळी सातला पोहोचलेलं कुटुंबही दुपारपर्यंत विमानतळाबाहेर ताटकळतं. अशा टूरमध्ये सर्वात पहाटेचं स्वस्त तिकीट काढून काही हाती लागत नाही. बस किती वाजता सुटणार ते आधी विचारा आणि त्याच्या दोन तास आधी उतरणारं विमान घ्या.

शिमला-मनाली प्रवासात पुढचा एक अख्खा दिवस जातो आणि परतीत आणखी एक. उरले तीन. तीन दिवसही पुष्कळ झाले, फक्त ते तीनच आहेत हे पैसे भरण्याआधी माहीत हवं.

परतीच्या दिवसाची चूक सर्वात महाग पडते. मनाली ते चंदीगड सुमारे ३०० किलोमीटर. बराचसा रस्ता चौपदरी झाल्याने वेळ कमी झाला असला, तरी चहा-जेवणाचे थांबे धरून बसला नऊ-दहा तास लागतातच. मंडी ते औटदरम्यान पावसाळ्यात दरड कोसळली तर हा हिशेबही कोलमडतो. संध्याकाळी पाचचं विमान धरायचं असेल, तर मनालीतून पहाटे चारच्या आसपास निघायला हवं. परतीचं विमान रात्रीचं घ्या. त्याहून बरं म्हणजे चंदीगडला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी निघा. डिसेंबर-जानेवारीत चंदीगड आणि दिल्लीच्या सकाळच्या विमानांना धुक्यामुळे हमखास उशीर होतो, म्हणून तेव्हाही दुपारचंच बघा. मुंबईत उतरल्यावर त्याच दिवशी ऑफिस किंवा मुलांची परीक्षा ठेवू नका.

गाडी लागणं

कसाऱ्याचा घाट आपल्याला लागत नाही, म्हणून शिमल्याचाही लागणार नाही, असं धरून चालू नका. कसारा थोड्या वेळात संपतो. इथे वळणं तासन्‌तास चालू राहतात. डोळ्यांना समोरची सीट स्थिर दिसते आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मात्र शरीर डावी-उजवीकडे झुकतंय असं सांगत राहतो. दोन्ही साक्षी जुळल्या नाहीत की मळमळतं. म्हणूनच मोबाईलवर रील बघणाऱ्याला आधी त्रास होतो आणि ड्रायव्हरला सहसा होत नाही.

पहिल्या दिवशी तर त्रासाची सगळी तयारी आपणच केलेली असते. रात्रभर जागरण, पहाटे विमानतळावर नुसता चहा, चंदीगडला उतरल्यावर छोले-भटुरे आणि लगेच चार तास चढण. रिकामं पोट वाईट, तट्ट भरलेलं त्याहून वाईट. इडली, सुकी पोळी, केळं, दही-भात असं हलकं काहीतरी खाऊन बसा.

गोळीच्या बाबतीत सर्वात मोठा घोळ वेळेचा होतो. अ‍ॅव्होमिनसारखी गोळी बस सुटण्याआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते. मळमळायला लागल्यावर घेतली तर ती पोटात टिकत नाही आणि टिकली तरी उशिरा लागू होते. तिने झोपही येते, त्यामुळे सकाळी देखावे बघायचे असतील तर मनाची तयारी ठेवा. दोन वर्षांखालच्या मुलांना ही गोळी द्यायची नाही. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

सीटचा मुद्दा भांडणापर्यंत जातो. मागच्या चाकांच्याही मागे असलेल्या रांगा सर्वात जास्त उसळतात. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या रांगा सर्वात कमी हलतात, आणि पुढच्या दोन रांगांमधून रस्ता दिसत असल्याने डोळ्यांना आधार मिळतो. बऱ्याच टूरमध्ये रोज सीट फिरवतात, ते न्याय्यच आहे. पण ज्याला खरोखर गाडी लागते त्याने हे बुकिंगच्या वेळीच लिहून कळवावं. बसमध्ये चढल्यावर सांगितलं, तर टूर मॅनेजरला तीस माणसांसमोर तुमची बाजू घेता येत नाही.

आणि पिशवी. एकात एक घातलेल्या दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या समोरच्या सीटच्या जाळीत हव्यात, वरच्या रॅकवरच्या सॅकमध्ये नव्हेत. घाटात बस वाटेल तिथे थांबत नाही. वळणावर मागून ट्रक येत असतात, म्हणून ड्रायव्हर रुंद जागा मिळेपर्यंत पाच-दहा मिनिटं घेतो. तोंडाला पाणी सुटायला लागलं, जांभया यायला लागल्या की तेव्हाच सांगा. खिडकी उघडा, लांबच्या डोंगराकडे बघा, आलेपाकाची वडी चघळा.

‘एसी पुशबॅक’ या शब्दांत काय येत नाही

डोंगरात एसी बंद ठेवतात. चढावर इंजिनावर आधीच भार असतो, त्यात एसीचा कॉम्प्रेसर चालवला तर गाडीची ओढ कमी होते आणि इंजिन तापतं. टूरच्या अटींत ही ओळ बारीक अक्षरात असते. मे महिन्यात बिलासपूर-सुंदरनगरच्या पट्ट्यात चांगलंच उकडतं, म्हणून स्वेटर घालून बसू नका.

गाडी कोणती आणि माणसं किती, हे दोन्ही विचारा. १७ सीटच्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये १६ माणसं बसली, तर बॅगा वरच्या कॅरियरवर ताडपत्रीखाली जातात. पाऊस तिरका आला की कडेच्या बॅगा ओल्या होतात. आतले कपडे मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालूनच बॅग भरा. मोठी कडक सुटकेस डिकीत जागा खाते आणि हॉटेलच्या पायऱ्यांवर तुमचा जीव खाते. शिमल्यात मॉल रोडवर गाड्यांना बंदी आहे. बस खाली कार्ट रोडला थांबते, वर जायला लिफ्ट किंवा चढ. हॉटेल मॉलजवळ असेल तर हमालाचे पैसे सुटे ठेवा आणि माणशी एकच मऊ बॅग न्या.

रोहतांग : सगळ्यात जास्त वाद इथे

‘मनाली, रोहतांग, सोलंग’ असं छापलेलं असतं आणि आपण गृहीत धरतो की ग्रुपची बस आपल्याला बर्फात नेऊन सोडणार. तसं नसतं. रोहतांग खिंड ३,९७८ मीटरवर आहे. हिवाळ्यात ती बंदच असते. उघडी असताना रोज ठरावीक गाड्यांनाच परमिट मिळतं आणि देखभालीसाठी मंगळवारी पर्यटकांच्या गाड्या सोडत नाहीत. तुमचा रोहतांगचा दिवस मंगळवारी येतोय का, हे कॅलेंडरवर मुंबईतच बघता येतं, तरी बघितलं जात नाही.

पर्याय म्हणून अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सूला नेतात. ३ ऑक्टोबर २०२० ला खुला झालेला हा ९.०२ किलोमीटरचा बोगदा खिंडीच्या खालून जातो. त्याची उंची सुमारे ३,१०० मीटर, म्हणजे रोहतांगहून बरीच कमी. बोगद्यात गाडी थांबवायला मनाई आहे, फोटोसाठी ड्रायव्हरच्या मागे लागू नका. ताजा बर्फ पडला की पोलीस सोलंग दरीच्या अलीकडेच, अनेकदा नेहरू कुंडाजवळ, मोठ्या बस अडवतात आणि पुढे फक्त फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ओढ असलेल्या, गाड्या सोडतात. म्हणजे बर्फ नसेल तर निराशा, भरपूर असेल तर जादा गाडीचं भाडं.

बुकिंगच्या वेळी लेखी उत्तर मागावं असे प्रश्न इथे चारच आहेत. बस कुठपर्यंत जाणार? पुढच्या गाडीचे पैसे कोण देणार? परमिट मिळालं नाही तर कुठे नेणार? गमबूट आणि कोटाचं भाडं धरलंय का? हे शेवटचं बहुधा धरलेलं नसतं. शिमल्याजवळच्या कुफ्रीलाही वरच्या टोकापर्यंत घोड्यावरून जातात, आणि घोड्याचे पैसे वेगळे.

उंचीचा त्रास लोक हसण्यावारी नेतात. मनाली सुमारे २,०५० मीटरवर. तिथून दोन-तीन तासांत रोहतांगला गेलात, तर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० ते ६५ टक्क्यांवर येतो. धावत फोटो काढले, बर्फात मुलांना पाठंगुळीला घेतलं की डोकं ठणकतं, धाप लागते. सावकाश चाला, घोट घोट पाणी प्या, वर तासाभराहून जास्त रेंगाळू नका. डोकेदुखीबरोबर उलट्या किंवा तोल जाणं सुरू झालं, तर गोळी देऊन वाट बघत बसायचं नाही, ताबडतोब खाली उतरायचं. हृदयाचे किंवा दम्याचे रुग्ण असतील त्यांनी खिंडीचा हट्ट धरू नये. मोसमात सिस्सूलाही बर्फ असतो.

कपडे आणि बारीकसारीक

एक जाड स्वेटर आणि खाली जीन्स, हा मुंबईचा हिवाळा झाला. बर्फात जीन्स भिजते आणि दिवसभर वाळत नाही. आत थर्मल, मध्ये फ्लीस किंवा लोकर, वर वारा-पाणी अडवणारं जाकीट असे तीन थर घाला आणि मोज्यांचा एक कोरडा जोड खिशात ठेवा. कानटोपीला लाजू नका.

रस्त्यात स्वच्छतागृह मिळत नाही म्हणून पाणीच न पिणं ही खास आपल्या बायकांची चूक. त्याने डोकेदुखी दुप्पट होते. त्याऐवजी बस ज्या ढाब्यावर थांबेल तिथे गरज नसली तरी जाऊन या.

वर चढताना चिवड्याचं बंद पाकीट फुग्यासारखं टम्म होतं. आतली हवा तेवढीच, बाहेरचा दाब कमी. हाच प्रकार सनस्क्रीन आणि शाम्पूच्या बाटल्यांचा होतो आणि झाकण उघडताच ते कपड्यांवर उडतं. झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा लावा आणि बाटली वेगळ्या पिशवीत ठेवा. घरून खाऊ नेणाऱ्यांसाठी आणखी एक : सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानाच्या चेक-इन सामानात चालत नाहीत, त्यांतल्या तेलामुळे त्या ज्वलनशील धरतात. पॉवर बँकही चेक-इनमध्ये नाही, हातातल्या बॅगेत.

बीपी-शुगरच्या गोळ्या, ओआरएस, एक दिवसाचे कपडे, मूळ आधार कार्ड आणि दोन-तीन हजार रुपये रोख, एवढं डिकीत न टाकता पायाशी ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये दरड पडून रस्ता बंद झाला, तर बस चार-सहा तास जागीच उभी राहते. मागच्या गाड्या अशा चिकटलेल्या असतात की डिकीचं दार अर्धंही उघडत नाही.