गोव्यात सेंद्रिय परसबाग करताय? या चुका टाळा

जूनचा पहिला पाऊस पडला की रोपे विकत घेण्याची घाई सुरू होते. माती तयार नसते, वाफे नसतात, पण पिशवीत वांगी, टोमॅटो, मिरची असते. इथेच बिघडते.

मर रोगाला तहान समजणे

ही सर्वांत महाग पडणारी चूक. हिरवेगार वांगे दुपारी मान टाकते, संध्याकाळी सावरते. पाणी कमी पडले असे वाटून मालक दोन बादल्या आणखी ओततो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी झाड उभेच्या उभे सुकते आणि ओतलेले पाणी मर रोगाचा जिवाणू शेजारच्या मुळांशी नेते. रांग गेली की त्याच वाफ्यात पुन्हा वांगी लावतात, तीही जातात.

ओळखायला एक काचेचा ग्लास पुरतो. खोडाचा बुडखा कापून स्वच्छ पाण्यात लटकता धरा. काही मिनिटांत कापातून दुधासारखी धार उतरली, तर जिवाणूजन्य मर रोग नक्की. आपली जांभ्याची आंबट माती आणि पावसाळी ओल त्याला मानवते. यावर फवारा नाही. दशपर्णी (दहा झाडांच्या पाल्याचा अर्क), गोमूत्र, काही चालत नाही. झाड मुळासकट काढून जाळा, खताच्या खड्ड्यात टाकू नका. त्या जागी किमान तीन वर्षे वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा नको. मका, आळसांदे (चवळी), तांबडी भाजी (लाल माठ) घ्या. वांगीच हवी असतील तर जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने या रोगाला तोंड देणाऱ्या जाती काढल्या आहेत, त्यांची चौकशी करा.

ताजे शेण घालणे

सेंद्रिय म्हणजे गोठ्यातून थेट वाफ्यात, हा समज रोपे मारतो. ताजे शेण कुजताना तापते, अमोनिया सोडते, मुळे करपतात. मुळे खाणाऱ्या हुमणी अळीलाही आयते घर मिळते. तीन-चार महिने कुजलेले, काळे, भुसभुशीत, मातीचा वास येणारे खतच वापरा. शंका असेल तर ओले मूठभर खत प्लास्टिकच्या पिशवीत तीन दिवस बांधून ठेवा. उघडल्यावर उग्र वास आला तर ते अजून कच्चे आहे. चौरस मीटरला चार-पाच किलो खत आणि शंभर ग्रॅम निंबोळी पेंड पुरते. थांबायची तयारी नसेल तर गांडूळखत विकत घ्या, पण कच्चे शेण नको.

माती तपासल्याशिवाय चुना टाकू नका. गरज निघाली तर लागवडीच्या दोन-तीन आठवडे आधी टाका, शेणखतासोबत कधीच नाही. नत्र वाऱ्यावर जाते.

पावसाळ्यात सपाट वाफे नकोत. वीतभर उंच करा, कडेने पाण्याला वाट द्या.

नारळाच्या सोडणाचा (काथ्याचा) भुसा न धुता कुंडीत भरू नका, त्यात क्षार असतात. दोन-तीनदा भिजवून पाणी काढून टाका.

पाऊस चालू असताना निंबोळी तेल फवारणे म्हणजे तेल ओहोळात सोडणे. गोगलगायी रात्री विजेरी घेऊन हातमोज्यांनी वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. मीठ वाफ्यात मात्र कधीही शिंपडू नका.

पहिले पीक म्हणून पावसाळ्यात भेंडी, दोडकी, काकडी घ्या. टोमॅटोला ऑक्टोबरनंतर हात घाला. तांबडी भाजीही तेव्हाच: बी बारीक असते, चौपट कोरड्या रेतीत मिसळून पेरा, वर मातीचा पातळ थर द्या आणि झारीनेच पाणी घाला. महिन्याभरात भाजी काढता येते.